एआय कोडिंग सहायकासाठी प्रकल्पनिहाय नियम कसे लिहावेत

एआय कोडिंग सहायकाचे प्रत्येक नवे सत्र कोऱ्या पाटीने सुरू होते. या प्रकल्पात रकमा फ्लोटमध्ये (दशांश संख्या अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारात) साठवत नाहीत, हे त्याला काल सविस्तर समजावून सांगितलेले असले, तरी आज नव्या सत्रात तो निःशंकपणे फ्लोटच वापरतो, कारण कालचे संभाषण त्याच्यासमोर नसते. काही साधनांत अलीकडे आपोआप आठवणी साठवण्याची सोय आली आहे. परंतु अशा आठवणी बहुधा एका व्यक्तीच्या यंत्रापुरत्या राहतात आणि त्यांत नेमके काय नोंदवले जाईल हे टीमच्या हाती नसते. म्हणून रिपॉझिटरीतच, म्हणजे प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास जेथे राहतो तेथेच, एक साधी मजकूर-फाइल ठेवायची, तीत प्रकल्पाचे नियम लिहायचे आणि सहायकाने प्रत्येक सत्राच्या प्रारंभी ती वाचायची, ही पद्धत आता जवळजवळ सर्व प्रमुख साधनांनी स्वीकारली आहे.

फाइल तयार करणे हे काही मिनिटांचे काम आहे. तीत काय लिहायचे आणि काय वगळायचे हे ठरवणे मात्र अवघड आहे, आणि बहुतेक नियमफाइली निरुपयोगी ठरतात त्या याच टप्प्यावर. या मार्गदर्शिकेत मी एकच कसोटी सर्वत्र लावली आहे: कोड वाचून जे कळत नाही तेच नियमफाइलमध्ये लिहावे, आणि त्यातही तेच, जे पाळले गेले की नाही हे डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची तुलना, पाहून सांगता येते.

फाइलचे नाव आणि जागा

प्रत्येक साधनाची प्रथा वेगळी आहे. क्लॉड कोड हा रिपॉझिटरीच्या मुळाशी असलेली ‘क्लॉड डॉट एमडी’ ही फाइल वाचतो, आणि त्याच धर्तीवर जेमिनाय सीएलआय ‘जेमिनाय डॉट एमडी’ वाचतो. दोन्ही नावे, ‘एमडी’ हा शेवट सोडून, इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायची असतात. गिटहब कोपायलटसाठी टिंबाने सुरू होणाऱ्या ‘गिटहब’ फोल्डरात ‘कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स डॉट एमडी’ ठेवावी लागते. कर्सरमध्ये पूर्वी मुळाशी ‘कर्सररूल्स’ नावाची एकच फाइल असे. आता टिंबाने सुरू होणाऱ्या ‘कर्सर’ फोल्डरातील ‘रूल्स’ या उपफोल्डरात ‘एमडीसी’ प्रकारच्या अनेक फाइली ठेवता येतात. नावांच्या या गर्दीवर उपाय म्हणून २०२५ मध्ये ‘एजंट्स डॉट एमडी’ हे सामाईक स्वरूप पुढे आले. ओपनएआयचा कोडेक्स, कर्सर, कोपायलट यांसह अनेक साधने ते वाचतात, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एजंटिक एआय फाउंडेशनकडे सोपवण्यात आले.

टीममध्ये वेगवेगळे लोक वेगवेगळी साधने वापरत असतील, तर मूळ मजकूर एकाच फाइलमध्ये ठेवावा. माझी पसंती ‘एजंट्स डॉट एमडी’ला आहे. क्लॉड कोडसाठी स्वतंत्र फाइल ठेवून तीत ‘@’ हे चिन्ह आणि त्यापुढे मूळ फाइलचा मार्ग एवढी एक ओळ लिहिली, की तो मजकूर आयात होतो. त्या ओळीखाली केवळ त्या साधनापुरत्या सूचना लिहिता येतात. तीच वाक्ये तीन फाइलींत चिकटवण्याचा मोह टाळावा. दोन महिन्यांत त्या तिन्ही फाइली एकमेकींशी विसंगत होतात आणि कोणती खरी हे कोणालाच सांगता येत नाही.

जागेचा प्रश्न नावापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण नियमांचे थर असतात. ‘मला उत्तरे थोडक्यात दे’ किंवा ‘कमिट करण्यापूर्वी (बदल इतिहासात नोंदवण्यापूर्वी) मला डिफ दाखव’ या व्यक्तिगत आवडी आहेत. त्या आपल्या होम फोल्डरातील वापरकर्ता-स्तरावरील फाइलमध्ये जाव्यात, सर्वांच्या रिपॉझिटरीत नव्हे. संपूर्ण प्रकल्पाला लागू असणारे नियम मुळाशी राहावेत. केवळ फ्रंटएंडला (वापरकर्त्याला दिसणाऱ्या भागाला) किंवा केवळ मायग्रेशनांना (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलींना) लागू असणारे नियम त्या त्या फोल्डराजवळ ठेवावेत. क्लॉड कोड उपफोल्डरातील नियमफाइल सुरुवातीला वाचत नाही; त्या फोल्डरातील फाइलींवर काम सुरू झाले की वाचतो. ‘एजंट्स डॉट एमडी’च्या संकेतानुसार, बदलल्या जाणाऱ्या फाइलच्या सर्वात जवळची नियमफाइल वरचढ ठरते. कोपायलटमध्ये हेच काम ‘अप्लाय-टू’ या शीर्षनोंदीत फाइलमार्गाचा नमुना देऊन होते.

कर्सरमधील नियमांचे चार प्रकार थोडे गोंधळात टाकतात, म्हणून ते नीट समजून घ्यावेत. एक प्रकार प्रत्येक सत्रात सामील होतो. दुसरा, दिलेल्या नमुन्याशी जुळणारी फाइल संदर्भात आली की आपोआप जोडला जातो. तिसऱ्यात सहायकाला नियमाचे केवळ वर्णन दिसते आणि ते वाचून तो नियम उघडायचा की नाही हे स्वतः ठरवतो. चौथा, आपण नाव घेऊन बोलावल्याशिवाय येत नाही. तिसऱ्या प्रकारात वर्णनावरच सारे अवलंबून असते: ‘डेटाबेसचे नियम’ असे मोघम वर्णन दिले तर योग्य वेळी तो उघडला जाईलच असे नाही, ‘मॉडेलमध्ये क्षेत्र जोडताना, काढताना किंवा मायग्रेशन लिहिताना वाचावे’ असे लिहिले तर शक्यता पुष्कळ वाढते. ज्या नियमाच्या उल्लंघनाने नुकसान होऊ शकते, तो या प्रकारावर मुळीच सोपवू नये.

काय लिहावे

बहुतेक साधनांत सुरुवातीचा मसुदा आपोआप तयार करून देणारी आज्ञा असते. क्लॉड कोडमध्ये ती ‘इनिट’ या नावाने मिळते. ती चालवायला हरकत नाही, परंतु तिच्या फलिताकडे संशयानेच पाहावे. सहायक कोड वाचून मसुदा तयार करतो, म्हणजेच त्याला कोड वाचून जे कळले तेच त्यात असते. ‘या प्रकल्पात रिअ‍ॅक्ट वापरले आहे’, ‘घटक कॉम्पोनन्ट्स फोल्डरात आहेत’ ही वाक्ये खरी असली तरी त्यांचा उपयोग अल्प आहे, कारण सहायक ही माहिती पुढच्या वेळीही काही क्षणांत स्वतः शोधू शकतो. मसुद्यातून आज्ञांचा भाग ठेवून बाकीचा बराच मजकूर निःसंकोचपणे खोडावा.

मग मौल्यवान काय? सर्वप्रथम, प्रकल्प चालवण्याच्या नेमक्या आज्ञा. टेस्ट कोणत्या आज्ञेने चालतात, त्यांतील एकच टेस्ट कशी चालवायची, टाइप-तपासणी कशी करायची, स्थानिक डेटाबेस कसा उभा करायचा, हे अक्षरशः जसेच्या तसे लिहावे. एकच टेस्ट चालवण्याची आज्ञा हमखास विसरली जाते, आणि मग प्रत्येक लहान बदलानंतर सहायक संपूर्ण टेस्ट-संच चालवत बसतो. प्रकल्पात पॅकेज उतरवण्यासाठी पीएनपीएम वापरले जात असताना सहायकाने सवयीने एनपीएम चालवले, तर नको असलेली दुसरी लॉकफाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) तयार होते; एका ओळीने हा त्रास वाचतो.

दुसरा वर्ग अधिक समृद्ध आहे: कोडमध्ये जे दिसते त्याच्या मागचे, न दिसणारे संकेत. एक उदाहरण विस्ताराने पाहू. समजा, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर उभारलेल्या एका बिलिंग सेवेत ऑर्डरची स्थिती बदलली की ऑडिटची नोंद सिग्नलद्वारे (बदल होताच आपोआप सुटणाऱ्या सूचनेद्वारे) होते. सहायकाला सांगितले, की प्रलंबित असलेल्या जुन्या ऑर्डर रद्द करणारे एक काम लिही. तो क्वेरीसेटवर (डेटाबेसमधील निवडलेल्या नोंदींच्या संचावर) ‘अपडेट’ ही पद्धत वापरून एकाच एसक्यूएल विधानात काम संपवतो. सर्वसाधारण दृष्टीने हे उत्तम आहे; वेगवान आहे, आटोपशीर आहे, आणि जँगो जाणणारा कोणताही परीक्षक त्याचे कौतुकच करील. परंतु क्वेरीसेटची ‘अपडेट’ पद्धत प्रत्येक वस्तूची ‘सेव्ह’ पद्धत चालवत नाही आणि तिच्याशी निगडित सिग्नलही सोडत नाही. परिणामी शेकडो ऑर्डर रद्द होतात आणि ऑडिटमध्ये एकही नोंद उमटत नाही. टेस्ट पास होतात, कारण टेस्ट केवळ स्थिती तपासतात.

ही चूक टाळण्यासाठी ‘ऑडिटची काळजी घ्या’ असे लिहून काहीही साधणार नाही. लिहावे ते असे: ‘ऑर्डरची स्थिती बदलण्यासाठी केवळ सर्व्हिसेस फोल्डरातील स्थिती-बदल फंक्शन वापरावे. क्वेरीसेटचे अपडेट किंवा बल्क-अपडेट ऑर्डर मॉडेलवर वापरू नये, कारण त्याने सिग्नल सुटत नाहीत आणि ऑडिट-नोंद होत नाही. मोठ्या संख्येने बदल करायचे असल्यास त्याच फंक्शनला गटागटाने हाक मारावी.’ या तीन वाक्यांत कोणता मार्ग घ्यावा, कोणता घेऊ नये आणि का, हे तिन्ही आले आहे. शिवाय मनाई ज्या परिस्थितीत मोडावीशी वाटेल, त्या परिस्थितीसाठी पर्यायही दिला आहे.

त्यातील ‘कारण’ हा शब्द शोभेसाठी नाही. कारण दिले नाही, तर सहायक नियम अक्षरशः पाळतो आणि त्याच्या शेजारची चूक करतो: ‘अपडेट’ टाळून थेट एसक्यूएल लिहितो. कारण कळले, की सिग्नल टाळणारा तिसरा मार्गही त्याच कक्षेत येतो हे त्याला बहुतेक वेळा उमगते. सर्वच नियमांना स्पष्टीकरण जोडण्याची गरज नसते. ‘पीएनपीएम वापरावे’ या ओळीला समर्थन नको. जो नियम जाणत्या माणसालाही पहिल्या वाचनात विचित्र वाटेल, त्याला मात्र कारण अवश्य द्यावे.

याच वर्गात मोडणारे आणखी काही नियम असे: रकमा चलनाच्या सर्वात लहान एककात पूर्णांक म्हणून साठवाव्यात, वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवावी आणि केवळ दाखवताना स्थानिक करावी, मुख्य ब्रँचमध्ये विलीन झालेले मायग्रेशन बदलू नये, नवे तयार करावे, जनरेटेड फोल्डरातील फाइली हाताने बदलू नयेत, स्कीमा बदलून निर्मितीची आज्ञा पुन्हा चालवावी. रिपॉझिटरीत एखादी जुनी पद्धत आणि एखादी नवी पद्धत शेजारी-शेजारी नांदत असेल, तर कोणती पुढे न्यायची हेही लिहून ठेवावे. सहायक आजूबाजूचा कोड पाहून अनुकरण करतो, आणि जुन्या पद्धतीची उदाहरणे संख्येने अधिक असल्यामुळे त्याचा कौल साहजिकच तिकडे जातो. अशा ठिकाणी नमुना म्हणून एका चांगल्या फाइलचा मार्ग देणे हे चार परिच्छेदांच्या वर्णनापेक्षा सरस ठरते.

तिसरा वर्ग वर्तनाच्या मर्यादांचा. नवी डिपेंडन्सी (बाहेरचे पॅकेज) जोडण्यापूर्वी विचारावे. मागितलेल्या कामाच्या बाहेरचा कोड सुधारू नये, हवे तर शेवटी सुचवावे. टेस्ट नापास झाल्यास टेस्टमधील अपेक्षा बदलून ती पास करू नये. शेवटचा नियम मी जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात लिहीन. ‘टेस्ट पास कर’ एवढेच ध्येय समोर असेल, तर अपेक्षित मूल्यच बदलणे हा सर्वात जवळचा रस्ता असतो.

वाक्य कसे असावे

‘स्वच्छ कोड लिहावा’, ‘चांगल्या पद्धती पाळाव्यात’, ‘त्रुटी नीट हाताळाव्यात’ ही वाक्ये प्रत्येक दुसऱ्या नियमफाइलमध्ये आढळतात. ती चुकीची नाहीत. ती रिकामी आहेत, कारण ती पाळली की मोडली याचा निवाडा होऊ शकत नाही. त्रुटींविषयीचा नियम तपासण्याजोगा करायचा असेल तर तो असा होईल: ‘एपीआयच्या व्ह्यूमध्ये अपवाद पकडून रिकामे उत्तर देऊ नये. अपेक्षित अपवादांसाठी एरर्स मॉड्यूलमधील वर्ग वापरावेत, अनपेक्षित अपवाद वर जाऊ द्यावेत. मिडलवेअर ते नोंदवतो.’ आता परीक्षक डिफकडे बोट दाखवून सांगू शकतो, की येथे नियम मोडला आहे.

नुसती मनाई टाळावी. ‘लॉगिंगसाठी प्रिंट वापरू नये’ हे अर्धे वाक्य आहे; ‘लॉगर मॉड्यूलमधील लॉगर वापरावा, प्रिंट नव्हे’ हे पूर्ण आहे. प्रत्येक ओळीला ‘अत्यंत महत्त्वाचे’ हा शेरा जोडणेही निरर्थक आहे, कारण सर्वच महत्त्वाचे ठरले की काहीच उठून दिसत नाही. असा जोर एखाद्या-दुसऱ्या नियमापुरता राखून ठेवावा.

नियम मराठीत लिहावेत का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. आजची प्रमुख मॉडेल मराठी सूचना समजतात आणि पाळतात, त्यामुळे मनाई अशी काही नाही. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तही स्वतंत्रपणे धरून, तीन बाइट घेते, आणि सामान्यतः तेवढ्याच आशयाला इंग्रजीपेक्षा अधिक टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचते ते) लागतात. शिवाय फंक्शनांची, फोल्डरांची आणि आज्ञांची नावे इंग्रजीतच राहणार, म्हणजे वाक्ये मिश्र होणार. माझे मत असे, की टीम ज्या भाषेत कमिटचे संदेश आणि कोडमधील टिपा लिहिते, त्याच भाषेत नियम लिहावेत; ते वाचणारा केवळ सहायक नसून नव्याने रुजू झालेला सहकारीही असतो.

लांबी

नियमफाइलचा प्रत्येक शब्द प्रत्येक सत्रात कॉन्टेक्स्ट विंडोमधील, म्हणजे मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर समोर ठेवू शकते त्यातील, जागा व्यापतो, मग त्या सत्रात त्याचा संबंध येवो वा न येवो. जागेपेक्षा मोठी किंमत लक्षाची आहे: नियम जितके अधिक, तितका प्रत्येक नियम पाळला जाण्याची खात्री कमी. लांब मजकुराच्या मध्यभागी असलेली माहिती भाषिक मॉडेल सुरुवातीच्या आणि शेवटच्या माहितीपेक्षा कमी विश्वासार्हपणे वापरतात, असे २०२३ मधील संशोधनात दिसून आले होते. मॉडेल त्यानंतर सुधारली असली, तरी सर्वात महत्त्वाचे नियम वर ठेवण्याची सवय फुकट जात नाही.

कर्सरच्या दस्तऐवजांत एक नियम ५०० ओळींच्या आत ठेवण्याचा सल्ला आहे, तर क्लॉड कोडचे दस्तऐवज प्रत्येक फाइल २०० ओळींखाली ठेवायला सांगतात. मला २०० देखील जास्तच वाटतात. मध्यम आकाराच्या प्रकल्पाच्या मुळाशी ६० ते ८० ओळी पुरेशा होतात आणि बाकीचे फोल्डरनिहाय फाइलींत जाते. कोडेक्समध्ये तर सर्व नियमफाइली मिळून ३२ किबीबाइट (३२,७६८ बाइट) ही मूळ मर्यादा आहे. ती मर्यादा बाइटची असल्यामुळे संपूर्ण देवनागरी मजकुरात ती सुमारे ११ हजार चिन्हांतच संपते.

दीर्घ पार्श्वभूमी खरोखर आवश्यक असेल, उदाहरणार्थ देयकांच्या प्रवाहाचे वर्णन, तर ती डॉक्स फोल्डरात स्वतंत्र ठेवावी आणि नियमफाइलमध्ये एवढेच लिहावे, की देयकांशी संबंधित कोड बदलण्यापूर्वी अमुक फाइल वाचावी. येथे एक खबरदारी हवी: क्लॉड कोडमध्ये ‘@’ लावून आयात केलेली फाइल सत्राच्या सुरुवातीलाच पूर्ण आत येते, त्यामुळे आयात केल्याने मांडणी सुधारते पण जागा वाचत नाही. जागा वाचवायची असेल तर मार्ग साध्या मजकुरात, ‘@’ न लावता लिहावा.

नियमांनी जे होणार नाही

नियमफाइल म्हणजे संदर्भ होय, अंमलबजावणी नव्हे. मॉडेल तो मजकूर वाचते आणि त्यानुसार वागण्याचा प्रयत्न करते. ते तसेच वागेल याची कोणतीही यांत्रिक हमी नसते. म्हणून जे काम यंत्र निश्चितपणे करू शकते, ते शब्दांवर सोडू नये. स्वल्पविराम कोठे, अवतरणचिन्हे कोणती, इम्पोर्टचा क्रम कसा, हे प्रेटियर, ईएसलिंट, रफ यांसारख्या, कोडची मांडणी आणि चुका तपासणाऱ्या (लिंट) साधनांकडे द्यावे आणि नियमफाइलमध्ये ‘काम संपवण्यापूर्वी लिंटची आज्ञा चालवावी’ एवढी एक ओळ ठेवावी. अनेक संघांच्या नियमफाइलींतील निम्मा मजकूर या एका ओळीने अनावश्यक होईल.

ज्या गोष्टी घडताच कामा नयेत, त्यांच्यासाठी परवानग्यांची व्यवस्था वापरावी. क्लॉड कोडच्या सेटिंग्ज फाइलमध्ये विशिष्ट आज्ञांना आणि विशिष्ट फाइली वाचण्याला थेट नकार नोंदवता येतो. गुप्त चाव्या असलेली ‘एन्व्ह’ फाइल त्या यादीत असलीच पाहिजे. त्याच साधनात हुक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्क्रिप्ट एखादी कृती होण्यापूर्वी किंवा झाल्यानंतर चालवता येतात, आणि कृतीपूर्वीच्या हुकने २ हा निर्गम-संकेत दिला की ती कृती रोखली जाते. विलीन झालेल्या मायग्रेशनला हात लावू नये, हा नियम शब्दांत लिहिलेला असला तरी, तो मोडण्याची किंमत मोठी असल्यामुळे फाइलचा मार्ग तपासून नकार देणारा हुक त्यासोबत असावा. साधन कोणतेही असो, प्री-कमिट हुक, सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप चालणारी तपासणी) आणि संरक्षित ब्रँच हे जुने उपाय तितकेच लागू पडतात, आणि ते सहायकाप्रमाणे माणसांनाही लागू पडतात हा त्यांचा आणखी एक गुण.

नियम लागू होतो का, हे पाहणे

लिहिलेला नियम तपासल्याशिवाय स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तपासणी वाटते तितकी किचकट नाही. आधी सहायकाने फाइल वाचली की नाही याची खात्री करावी. क्लॉड कोडमध्ये ‘मेमरी’ या आज्ञेने सत्रात कोणत्या नियमफाइली आल्या आहेत ते दिसते. ‘सहायक नियम पाळत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा फाइल चुकीच्या फोल्डरात असते किंवा नमुना जुळत नसतो.

त्यानंतर इतिहासातील एखादे पूर्ण झालेले काम निवडावे, ज्यात हा नियम मोडला जाण्याचा संभव होता. त्या कमिटच्या आधीची स्थिती वेगळ्या फोल्डरात घ्यावी आणि तेच काम सहायकाला नव्या सत्रात, एकदा नियमासह आणि एकदा नियमाविना, करायला द्यावे. यासाठी गिटचे ‘वर्कट्री’ (त्याच रिपॉझिटरीला जोडलेला वेगळा कामाचा फोल्डर) वापरणे सोयीचे वाटते, परंतु त्यात एक खाच आहे: वर्कट्रीला रिपॉझिटरीचा संपूर्ण इतिहास उपलब्ध असतो, आणि सहायकाने लॉग चाळला तर प्रश्नाचे उत्तर त्याला पुढच्या कमिटमध्ये आयते सापडते. त्यापेक्षा त्या कमिटच्या आधीपर्यंतचाच इतिहास असलेली स्वतंत्र प्रत घ्यावी. एकाच सूचनेला मॉडेल दर वेळी किंचित वेगळे उत्तर देत असल्यामुळे एका धावेवरून निष्कर्ष काढू नये. काही वेळा पुन्हा चालवून पाहावे, आणि एका वेळी एकच नियम बदलावा. नियमासह आणि नियमाविना फलितात फरकच पडत नसेल, तर तो नियम कितीही योग्य असला तरी काढून टाकावा.

नवा नियम केव्हा लिहावा याचेही उत्तर यातच आहे. सहायकाने एखादी चूक केली की तेथल्या तेथे सांगून दुरुस्त करून घ्यावी. तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागली, किंवा पुल रिक्वेस्टच्या (बदल विलीन करण्याच्या विनंतीच्या) परीक्षणात दोन वेगळ्या सहकाऱ्यांनी तोच शेरा दिला, तर तो नियम म्हणून लिहावा. एकदाच घडलेल्या प्रमादासाठी कायमची ओळ खर्च करू नये.

देखभाल आणि सुरक्षा

नियमफाइल ही कोडइतकीच जबाबदारीने हाताळावी: तीतील बदल पुल रिक्वेस्टमधून यावेत, त्यांचे परीक्षण व्हावे आणि शक्य असल्यास तिचे मालक कोडओनर्स फाइलमध्ये नोंदवावेत. जुना नियम हा नसलेल्या नियमापेक्षा वाईट असतो, कारण सहायक त्यावर विश्वास ठेवून अस्तित्वात नसलेले फोल्डर शोधत राहतो किंवा ते पुन्हा निर्माण करतो. नियमफाइलमध्ये उल्लेखलेले सर्व मार्ग प्रत्यक्षात आहेत का, एवढेच तपासणारी छोटी स्क्रिप्ट सीआयमध्ये ठेवली तर ही झीज लवकर लक्षात येते. परस्परविरोधी नियमांसाठी अशी स्क्रिप्ट लिहिता येत नाही. त्यासाठी मुळाची आणि फोल्डरांची फाइल एकत्र ठेवून माणसानेच अधूनमधून वाचावी लागते.

नियमफाइलमध्ये पासवर्ड, चाव्या किंवा अंतर्गत सर्व्हरचे पत्ते कधीही लिहू नयेत. ती रिपॉझिटरीत राहते आणि तिचा मजकूर मॉडेल चालवणाऱ्या सेवेकडे जातो.

बाहेरून आयती घेतलेली नियमफाइल हा वेगळा धोका आहे. मार्च २०२५ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिले, की नियमफाइलमध्ये डोळ्यांना न दिसणारी युनिकोड चिन्हे वापरून लपवलेल्या सूचना कर्सर आणि कोपायलट यांना घातक कोड लिहायला लावू शकतात, आणि परीक्षण करणाऱ्या माणसाला डिफमध्ये काहीच वावगे दिसत नाही. म्हणून इंटरनेटवरून उतरवलेल्या नियमांचा संग्रह जसाच्या तसा रिपॉझिटरीत टाकू नये आणि सीआयमध्ये शून्य-रुंदीची व दिशा बदलणारी चिन्हे शोधणारी तपासणी ठेवावी. नियम मराठीत असतील तर या तपासणीत एक सूट द्यावी लागते. काही कळफलक ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र शून्य-रुंदीचे जोडचिन्ह वापरून उमटवतात, त्यामुळे असे प्रत्येक चिन्ह संशयास्पद धरणारी तपासणी निर्दोष मराठी वाक्यांवरच अडकते. हलन्तानंतर लगेच आणि देवनागरी अक्षरांच्या मध्ये आलेले जोडचिन्ह चालू द्यावे. इतरत्र आढळले, विशेषतः रोमन अक्षरांच्या ओळीत किंवा अनेक चिन्हे सलग आली, तर बिल्ड थांबवावी.

मॉडेलची आवृत्ती बदलली, की वर सांगितलेली तुलना महत्त्वाच्या नियमांपुरती पुन्हा करून पाहावी. जुन्या मॉडेलच्या एखाद्या खोडीसाठी लिहिलेली ओळ नव्या मॉडेलला अनावश्यक असते, आणि जोर देऊन लिहिलेली मनाई नवे मॉडेल कधी कधी गरजेपेक्षा अधिक व्यापक अर्थाने घेते: ‘परवानगीशिवाय टेस्ट बदलू नये’ असे लिहिलेले असल्यामुळे नव्या फंक्शनासाठी नवी टेस्ट लिहायलाही ते कचरते. अशा वेळी ‘असलेल्या टेस्टमधील अपेक्षा बदलू नयेत, नव्या वर्तनासाठी नव्या टेस्ट जरूर लिहाव्यात’ असे वाक्य नेमके करून ते त्याच जुन्या कामावर पुन्हा चालवून पाहावे.